साइटवर सुचलेलं साहेबांपर्यंत पोचावं म्हणून: बांधकाम कंपनीत नव्या कल्पनांना जागा कशी करायची

पुण्याजवळ एका बारा मजली इमारतीच्या कामावर मी साइट इन्चार्ज होतो. स्लॅबखालचे टेकू निघाले की प्लंबिंगवाल्यांचं कोअर कटिंग मशीन वर चढायचं आणि प्रत्येक टॉयलेटच्या स्लॅबला पाइपांसाठी भोकं पाडायला सुरुवात व्हायची. कधी मध्येच सळई तुटायची, कधी भोकाच्या खालच्या कडेचं काँक्रीट खपलीसारखं सुटायचं. मग ग्राउटिंग, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी साठवून चाचणी, आणि तरीही खालच्या मजल्याच्या छताला कुठेतरी ओल यायचीच. दहावा स्लॅब झाला त्या संध्याकाळी स्टोअरपाशी चहा घेत होतो. प्लंबरच्या टोळीतला एक पोरगा, ओडिशातल्या केंद्रापाड्याचा, सहज बोलून गेला, "साब, सेंटरिंग पे ही प्लाय का फर्मा ठोक के स्लीव बिठा दो, तो काटना ही नहीं पडेगा." म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच सेंटरिंगवर, स्लॅबच्या साच्यावर, पाइपांच्या जागी नळकांडी (स्लीव) बसवून ठेवायची; फर्मा म्हणजे त्या जागा ठरवणारा प्लायचा तुकडा.

मी विचारलं, हे आधी का नाही बोललास? तो मुकादमाकडे बघत राहिला. नंतर कळलं, तिसऱ्या स्लॅबलाच त्याने हे आपल्या ठेकेदाराला सांगितलं होतं. पण ठेकेदाराला कोअर कटिंगचा दर भोकामागे मिळत होता. भोकं थांबली की त्याची कमाई थांबणार होती. तो दर आमच्याच कंपनीने वर्क ऑर्डरमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी कंत्राटात, लिहून दिला होता.

गळक्या टॉयलेटसाठी आम्ही त्या ठेकेदाराला जबाबदार धरत होतो आणि गळती ज्यातून सुरू होत होती त्या भोकांचे पैसेही त्यालाच देत होतो. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. बांधकामाच्या साइटवर कल्पनांचा दुष्काळ नसतो. ज्याला कल्पना सुचते त्याचाच ती सांगितल्याने तोटा होतो: कमाईचा, वेळेचा, नाहीतर मुकादमाच्या मर्जीचा. तो तोटा कंपनीने आपल्या अंगावर घेतला नाही तर सूचनापेटी, बक्षीस, नवं सॉफ्टवेअर यांतलं काहीच चालत नाही. पुढे जे लिहितो आहे ते याच अनुभवातून आलेलं आहे. डोळ्यांसमोर तीन-चार साइट एकावेळी चालवणारी, बहुतेक कामं पोटठेकेदारांकडून करून घेणारी आपल्याकडची मध्यम कंपनी आहे.

पहिली पायरी: वर्क ऑर्डरी काढून बसा

या कामाची सुरुवात लोक प्रशिक्षणाने किंवा मोठ्या सभेने करतात. मी सांगेन, क्यूएस (कामाची मोजमापं आणि बिलं बघणारा) आणि अकाउंट्सच्या माणसाला घेऊन एक अख्खा दिवस चालू वर्क ऑर्डरी वाचा. प्रत्येक दरापुढे एकच प्रश्न लिहा: अडचण कायम राहिली तर पैसे कोणाला मिळतात?

उत्तरं वाचून धक्का बसेल. राडारोडा उचलण्याचा दर खेपेमागे असतो, म्हणजे विटा जितक्या फुटतील तितक्या खेपा वाढतात. काँक्रीट पोकळ राहिलं, हनीकोंब झालं, तर त्याची दुरुस्ती करणारी टोळी हजेरीवर असते आणि ते काम संपण्याची तिला घाई नसते. सळई कंपनी पुरवते, फिटरला दर टनामागे मिळतो. बारा मीटरच्या सळईतून कोणते तुकडे आधी कापले तर भंगार कमी निघेल हे त्याला नेमकं ठाऊक असतं, पण त्या बचतीतला एक रुपयाही त्याच्याकडे येत नाही. बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांच्या मापांची यादी) ऑफिसात बनतं आणि कापणीचा क्रम मशीनवर ठरतो. त्या दोघांत बोलणं होण्याचं काही कारणच आपण ठेवलेलं नसतं.

दुरुस्ती दरातच करायची. पुढच्या कामावर आम्ही कोअर कटिंगचा आयटम काढून टाकला आणि स्लीव बसवण्याचा नवा आयटम घातला. दर जुन्याच्या साधारण निम्मा होता. मशीनचं भाडं, बिट, वीज आणि माणसांचे दिवस वाचत असल्यामुळे ठेकेदाराच्या हातात उरणारा पैसा जवळपास तेवढाच राहिला. मग ज्या पोराला त्याने गप्प बसवलं होतं, त्यालाच तो पुढे घालून घेऊन आला.

एक वचन त्याहून महत्त्वाचं आहे आणि ते लेखी द्या: एखाद्या टोळीने काम लवकर उरकण्याची युक्ती काढली, तर त्या प्रोजेक्टच्या शेवटापर्यंत तिचा दर कमी होणार नाही. सेंटरिंगच्या मिस्त्रीला हा अनुभव पिढ्यान् पिढ्या आलेला असतो. त्याने चार दिवसांचं काम तीन दिवसांत केलं की पुढच्या टेंडरला साहेब दर पाडतात. म्हणून तो युक्ती लपवून ठेवतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी पायरी: पहिल्या चुकीचे पैसे कोण भरणार ते आधी ठरवा

स्लीव बसवून भरलेल्या पहिल्या स्लॅबला तीन स्लीव सरकल्या. व्हायब्रेटरच्या धक्क्याने एक कलंडली आणि दोन काँक्रीटने भरून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट इंजिनिअरने सवयीप्रमाणे ठेकेदाराला डेबिट मारण्याचा, म्हणजे नुकसान त्याच्या बिलातून कापण्याचा, मेल लिहिला. तो मेल गेला असता तर ती कल्पना तिथेच मेली असती. मी तो थांबवला. तीन भोकं कंपनीच्या खर्चाने कापली. दुसऱ्या स्लॅबला त्या पोरानेच स्लीवमध्ये थर्माकोल ठासला, वरून टेप लावली आणि बाइंडिंग वायरने स्लीव सळईला आवळली. त्यातली एकही हलली नाही.

यातून जो नियम निघाला तो असा: ठरवून घेतलेल्या चाचणीत डेबिट नाही. त्यासाठी प्रत्येक साइटच्या बजेटमध्ये 'चाचणी' नावाचा वेगळा कॉस्ट कोड (खर्चाचं खातं) हवा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती खर्च करायचा अधिकार साइट इन्चार्जच्या सहीत हवा. पंचवीस हजारांच्या आतल्या गोष्टीसाठी हेड ऑफिसच्या तीन सह्या लागत असतील तर कोणी विचारायलाही जाणार नाही.

डेबिट फक्त ठेकेदाराला लागतं असं नाही. साइट इंजिनिअरचंही तेच असतं. जुन्या पद्धतीने काम करून स्लॅब गळला तर दोष पद्धतीचा ठरतो, नव्या पद्धतीने गळला तर त्याचा स्वतःचा ठरतो. शिवाय २०१६च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष प्रवर्तकाने (बिल्डरने) स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे आणि कळवल्यापासून तीस दिवसांत करायचा आहे. ही जबाबदारी योग्यच आहे. पण तिच्या धाकाने "नवीन काही करूच नका" असं जेव्हा वरून सांगितलं जातं, तेव्हा गळक्या टॉयलेटची जुनी पद्धतही तशीच पुढे चालू राहते, आणि पाच वर्षं तिच्याही तक्रारी तुमच्याकडेच येतात. मालकाने तरुण इंजिनिअरला तोंडी नव्हे, अप्रेझलच्या कागदात लिहून द्यावं की मंजूर चाचणी फसली तर तिचा परिणाम त्याच्या मूल्यमापनावर होणार नाही.

तिसरी पायरी: प्रयोग कुठे करायचा नाही, ते ठळक लिहा

मोकळीक द्यायची तर कुंपण आधी घालावं लागतं. माणसांचा जीव आणि इमारतीची ताकद यांच्याशी संबंध असलेलं काहीही साइटवर परस्पर बदलता येणार नाही, हे प्रत्येकाला पाठ असायला हवं.

स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे हा चर्चेचा विषय नाही. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेलेलं नसताना ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस. दुसरं सिमेंट वापरलं असेल किंवा थंडी जास्त असेल तर आणखी थांबावं लागतं. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस. कोरड्या, उष्ण हवेत त्यापेक्षा जास्त. सळईवरचं कव्हर (तिच्याबाहेरचा काँक्रीटचा थर), परांचीची बांधणी, सेफ्टी बेल्टचा आधार, खोदाईच्या कडेचा उतार हे सगळं याच यादीत. यात सुधारणा सुचली तर ती स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे किंवा सेफ्टी ऑफिसरकडे लेखी जाईल आणि लेखी उत्तर आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

मधला एक पट्टा असतो: काँक्रीटमध्ये मिसळायचं नवं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्स्चर, वेगळी वाळू, वेगळं वॉटरप्रूफिंग. त्याला आधी ट्रायल मिक्स, ताकद तपासायला ७ आणि २८ दिवसांचे काँक्रीटचे क्यूब, नमुना भिंत, मग कन्सल्टंटची सही. आणि बाकीचं प्रचंड मोठं मैदान मोकळं आहे: फर्मे, आखणी, मालाची ने-आण, साठवण, कामाचा क्रम, खुणा करण्याच्या पद्धती, साफसफाई. कॉलमवर काँक्रीट ओतल्याची तारीख रंगाने लिहायची पद्धत बघा. खर्च शून्य, पण क्युरिंग किती दिवस झालं याचा वाद मिटतो. अशा शेकडो गोष्टी या मैदानात पडून आहेत.

हे कुंपण एका पानात, मराठी आणि हिंदीत, चित्रांसह साइट ऑफिसबाहेर लावा. माझा अनुभव असा की कुंपण दिसायला लागल्यावर लोक जास्त बोलतात, कारण आपण कुठे चुकतोय याची भीती उरत नाही.

चौथी पायरी: कल्पना मागू नका, अडचण मांडा

"काही नवीन सुचवा" म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो. "चौथ्या मजल्यावर टाइल्स पोचेपर्यंत शंभरातल्या इतक्या फुटतात, का फुटत असतील?" असं विचारलं की हमालसुद्धा दहा मिनिटं बोलतो.

आपल्याच मुलखातलं मोठं उदाहरण घ्या. कोकण रेल्वेच्या मार्गावर रत्नागिरीजवळ पानवल नदीची दरी लागते. तिथल्या पुलाची उंची सुमारे ६४ मीटर आहे. एवढ्या खोल दरीत तळापासून परांच्या उभारून वरचा डेक ओतायचा म्हणजे काय ते साइटवर काम केलेल्याला सांगायला नको. तिथे डेकचे भाग दरीच्या कडेला ओतले आणि तयार झालेला डेक खांबांवरून पुढे पुढे सरकवत नेला. इन्क्रिमेंटल लाँचिंगची ही पद्धत भारतात पहिल्यांदा तिथे वापरली गेली. समोर दरी होती आणि नेहमीची पद्धत तिथे परवडणारी नव्हती. अडचण इतकी स्पष्ट असली की डोकी आपोआप चालतात.

आपल्या साइटवर दरी नसते, म्हणून अडचण कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहावी लागते. एका फलकावर एकावेळी फक्त तीन अडचणी. प्रत्येकीपुढे आकडा: मागच्या महिन्यात किती टाइल्स फुटल्या, किती तास हॉइस्ट (माल वर नेणारी लिफ्ट) बंद होता, किती खिडक्यांच्या चौकटी पुन्हा बसवाव्या लागल्या. महिनाभराने तोच आकडा नव्याने लिहा. अडचण सुटली तर ती पुसताना टोळीला समोर बोलवा.

पाचवी पायरी: तोंडापासून कानापर्यंतचा रस्ता

सूचनापेटी लावू नका. साइटवरच्या पुष्कळ माणसांना लिहिता येत नाही. येतं त्यांना बंगाली, तेलुगू, कन्नड किंवा हिंदीत येतं. आणि पेटीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याबद्दलच अनेकदा तक्रार असते.

रस्ता रोजच्या कामातच आहे. काम सुरू होण्याआधी सुरक्षेवर बोलायचा सकाळचा टूलबॉक्स टॉक दहा-पंधरा मिनिटांचा असतो. बहुतेक ठिकाणी सेफ्टी ऑफिसर कागद वाचतो, लोक हेल्मेट हातात धरून उभे राहतात आणि रजिस्टरवर अंगठे होतात. त्यातली शेवटची पाच मिनिटं एका प्रश्नाला द्या: काल काम कुठे अडलं? पहिले दोन आठवडे कोणी बोलणार नाही. तरी विचारत राहा, आणि जो पहिल्यांदा बोलेल त्याची अडचण त्याच दिवशी सोडवा, ती कितीही लहान असो.

आमच्याकडे पहिल्यांदा बोलल्या त्या कॉलमना पाणी मारणाऱ्या एक मावशी. म्हणाल्या, "साहेब, पश्चिमेकडच्या कॉलमचं गोणपाट अकराच्या आत वाळतंय. मी पाइप ओढत ओढत तिकडं जाईस्तोवर पूर्वेकडचं वाळून जातं." त्या दिवसभर एकच नळी तीन मजल्यांवर ओढत होत्या. क्युरिंगचं रजिस्टर आमच्याकडे रोज भरलं जात होतं आणि त्यात सगळं व्यवस्थित होतं. दुपारपर्यंत प्लंबरने प्रत्येक मजल्याला पाण्याचं एकेक कनेक्शन काढून दिलं. दुसऱ्या सकाळी टूलबॉक्स टॉकला सात माणसं बोलली.

साइटवर बायकांना सहसा कोणी काही विचारत नाही. पण पाणी, वाळू, विटा, झाडझूड या सगळ्यांवर दिवसभर त्यांची नजर असते आणि नुकसान सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतं. ही चूक मी अनेक वर्षं केली, तुम्ही करू नका.

ज्यांना घोळक्यात बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर ठेवा आणि व्हॉइस मेसेज घ्या, कोणत्याही भाषेत. टोळीतला कोणीतरी अर्थ सांगतोच. मात्र एक शिस्त मोडू नका: आलेल्या प्रत्येक गोष्टीला आठ दिवसांत उत्तर, समोरासमोर. उत्तर "नाही" असलं तरी चालतं, कारण सांगितलं की माणूस दुखावत नाही. उत्तरच आलं नाही तर तो पुन्हा कधी बोलत नाही, आणि त्याच्या खोलीत राहणारे बाकीचे सहाजणही बोलत नाहीत.

मुकादमाला वगळून हा रस्ता बांधायला जाल तर तो रस्ता मुकादमच बंद करेल. कामगारांची उचल, रजा, गावी जाण्याचं तिकीट सगळं त्याच्या हातात असतं. त्यामुळे त्याच्या टोळीतून आलेल्या प्रत्येक चालणाऱ्या कल्पनेत त्यालाही वाटा आणि त्याचंही नाव, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

याच रस्त्याने चुकाही आल्या पाहिजेत. १९९०च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चाललेल्या गटांत चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती, पण तिथेच नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्या गटांतली माणसं चुका लपवत नव्हती. म्हणून मोकळं बोलणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत साइटवरच्या चुकांचा आकडा वाढला तर घाबरू नका आणि कोणावर ओरडू तर मुळीच नका.

सहावी पायरी: चाचणी नीट घ्या

नदीपात्रातल्या उपशावर निर्बंध आले आणि आपल्याकडे क्रश सँडशिवाय, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूशिवाय, पर्याय उरला नाही. २०२५मध्ये तर राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरणच आणलं. काँक्रीटमध्ये ती लवकर रुळली, पण प्लास्टरला गवंडी तयार होईनात. "ओढत नाही, भेगा पडतात" एवढंच म्हणत. ही वाळू आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या मानकात बसते, हे कागद दाखवून त्यांना पटणार नव्हतं.

आम्ही स्टोअरमागच्या भिंतीवर सहा-सहा फुटांचे तीन चौकोन आखले. एकाला नदीची वाळू, दुसऱ्याला क्रशरवरून आली तशी वाळू, तिसऱ्याला धुतलेली, प्लास्टरसाठी चाळलेली. सिमेंटचं प्रमाण एकच, गवंडी एकच. कोणत्या चौकोनात काय आहे ते फक्त स्टोअरकीपरला माहीत. २८ दिवस पाणी मारून-वाळवून झाल्यावर सगळ्या गवंड्यांना हातात खडू दिला आणि म्हटलं, जिथे भेग दिसेल तिथे खूण करा. दुसरा चौकोन खडूने पांढरा झाला. पहिल्या आणि तिसऱ्यात त्यांना फरक सांगता येईना. दोष वाळूतल्या जास्तीच्या भुकटीचा होता. हे त्यांनी स्वतःच्या खडूने शोधलं, त्यामुळे त्यावर पुढे कधी वाद झाला नाही. वर त्यांनीच दोन गोष्टी शिकवल्या: या वाळूला पाणी एकदम न घालता दोनदा घालायचं आणि रंधा थोडा उशिरा मारायचा.

चाचणीआधी एका कागदावर एवढं लिहून घ्या:

- नक्की काय बदलतोय, आणि कुठल्या एका जागी?
- जुन्या पद्धतीचा आजचा आकडा काय आहे?
- चाललं की नाही हे कोण ठरवणार आणि कोणत्या तारखेला?
- फसलं तर काढून टाकायला किती खर्च येईल?
- कुंपणाच्या आत आहे ना? कोणाची सही?

दुसरा प्रश्न लोक नेहमी गाळतात. आधीचा आकडाच नसेल तर महिनाभराने दोन गट पडतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. चाचणी शक्यतो एका फ्लॅटमध्ये, एका मजल्यावर घ्या. मॉक-अप फ्लॅट तर बहुतेक ठिकाणी असतोच, पण तो ग्राहकांना दाखवायला सजवला जातो. त्याच्या शेजारचा एक फ्लॅट कामगारांच्या प्रयोगांसाठी ठेवा.

सातवी पायरी: आठवड्याची बैठक

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत बांधकामांची आठवड्याची वेळापत्रकं तपासली, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी वेळेत होत असल्याचं दिसलं. त्यातून लास्ट प्लॅनर ही पद्धत उभी राहिली. तिचा गाभा सोपा आहे: जो माणूस प्रत्यक्ष काम करून घेणार आहे त्यानेच पुढच्या आठवड्याचा शब्द द्यायचा, आणि आठवड्याअखेर दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले आणि उरलेले का मोडले हे लिहायचं.

आमच्याकडे ही बैठक शनिवारी चार वाजता व्हायची, उभ्याने, पाऊण तास. प्रत्येक मुकादमाच्या हातात वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या. "ड्रॉइंग आलं नव्हतं", "माल आला नव्हता", "आधीच्या टोळीने जागा मोकळी केली नव्हती" ही तीन कारणं दर आठवड्याला यायची. त्यांतली बरीचशी ऑफिसच्या बाजूची होती, हे भिंतीवर लागल्यावर साहेब लोकांचा सूर बदलला. पद्धतीच्या बाकीच्या बारकाव्यांत सुरुवातीला अडकू नका, कारणांची यादी प्रामाणिक ठेवा. चौथ्या पायरीतल्या फलकासाठी अडचणी इथूनच मिळतात.

आठवी पायरी: श्रेय आणि पैसा

बक्षीस त्याच महिन्यात, रोख किंवा खात्यात, टोळीला. वर्षाअखेरच्या समारंभाची वाट पाहू नका. छठला आणि होळीला अर्धी साइट गावी जाते आणि परत येईल ती कोणत्या साइटवर जाईल सांगता येत नाही. पैशापेक्षा जास्त दिवस टिकतं ते नाव. त्या पद्धतीला सुचवणाऱ्याचं नाव द्या आणि ते नाव ड्रॉइंगवर, सूचनाफलकावर, बोलण्यात वापरा. ऑफिसातल्या कोणी ती कल्पना स्वतःची म्हणून मालकासमोर मांडली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. असं एकदा जरी घडलं आणि कोणी काही बोललं नाही, तर खालचा माणूस कायमचा गप्प होतो.

नववी पायरी: मालकाने साइटवर काय विचारावं

मालक साइटवर येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न काय असतो, यावरून साइट स्वतःला बेतत असते. "कितवा स्लॅब?" हाच प्रश्न कायम असेल तर स्लॅबच मिळतील. तुम्ही मालक असाल तर पुढच्या फेरीत आधी त्या फलकापाशी थांबा, मग एखाद्या मिस्त्रीला त्याच्या मुकादमासमोर विचारा की या महिन्यात काय बदललं. आणि कुठली चाचणी फसली तेही विचारा. उत्तर ऐकताना चेहऱ्यावर नाराजी दिसली तर पुढच्या वेळी फसलेलं काहीच तुमच्यासमोर येणार नाही.

मोजायला फार काही लागत नाही. किती सूचना आल्या, त्यांतल्या कितींना आठ दिवसांत उत्तर मिळालं, किती चाचण्या झाल्या, आणि एका साइटवर रुळलेलं किती दुसऱ्या साइटवर पोचलं. शेवटचा आकडा सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत खरा.

दहावी पायरी: दुसऱ्या साइटवर नेणं

प्रोजेक्ट संपला की बांधकाम कंपनीत सगळं विखुरतं. इंजिनिअर दुसरीकडे जातो, टोळी वेगळ्या ठेकेदाराकडे जाते, आणि तीन किलोमीटरवरच्या आपल्याच साइटवर तीच भोकं पुन्हा पाडली जातात. मेलला पीडीएफ जोडून हे थांबत नाही, मीही आधी तेच करून पाहिलं होतं.

तीन गोष्टी केल्यावर थांबलं. पहिली, रुळलेली पद्धत कंपनीच्या स्टँडर्ड ड्रॉइंगमध्ये आणि पुढच्या वर्क ऑर्डरच्या आयटममध्ये गेली. जी दरात नाही ती पद्धत साइटवर टिकत नाही. दुसरी, मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ, काम करणाऱ्याच्याच आवाजात. तिसरी, नव्या साइटच्या पहिल्या दोन स्लॅबसाठी ती पद्धत काढणारा माणूसच पाठवायचा, त्या दिवसांची हजेरी आणि राहण्याची सोय कंपनीची.

आमचा स्लीवचा फर्मा असाच दुसऱ्या साइटवर गेला. बारा मिलिमीटर प्लायचा तुकडा, कडा वापरून झिजलेल्या, भोकांपाशी मार्करने लिहिलेलं: नहाणी, बेसिन, कमोड. तो पोरगा त्याला टेम्पोत मांडीवर घेऊन बसला होता. नव्या साइटवर टॉयलेटचा आकार चार इंचांनी वेगळा निघाला. त्याने तिथल्या सेंटरिंगच्या मिस्त्रीला हाताशी धरून दुपारपर्यंत नवा फर्मा कापला. मिस्त्रीने त्यात स्वतःची एक पट्टी वाढवली, फर्मा सेंटरिंगच्या कडेला अडकून राहावा म्हणून. ती पट्टी आता आमच्या ड्रॉइंगमध्ये आहे.